घरच्यासारख्या मावशी

आई,

तोंड बंद ठेव, हे तू मला जितक्या वेळा सांगितलंस, तितक्या वेळा 'जेवलीस का' असंही विचारलं नसशील. तर ऐक. नाही ठेवलं. चारचौघांत उघडलं, आणि तेही चर्चमध्ये, ईस्टरच्या दिवशी, पाळकसाहेब शेजारी उभे असताना. तू असतीस तर पदराचं टोक दातात धरून मला कोपऱ्यात ओढलं असतंस. तू नाहीस म्हणून बरं झालं असं म्हणायला जीभ रेटत नाही, पण त्या दिवशी तुझा हात माझ्या दंडावर नव्हता हे मात्र बरंच झालं. आता दोन हजार आठ उजाडलंय, तुला जाऊन इतकी वर्षं झाली की तुझा आवाज आठवायला मला डोळे मिटावे लागतात. तरी तू मला ओरडायचीस ती वाक्यं पाठ आहेत. आज त्यांना उत्तरं द्यायला बसलेय.

नगरचा तो बंगला मला अजून खोल्यांसकट दिसतो. मिशनच्या दवाखान्यातले मोठे डॉक्टर, त्यांची डॉक्टरीणबाई, त्यांची तीन मुलं, आणि मागच्या दाराने आत जाणारी तू. स्वयंपाक तुझा, भांडी तुझी, मुलांचं आजारपण तुझं. मी शाळेतून थेट तिथेच यायची आणि मागच्या पायरीवर बसून अभ्यास करायची. आपणही ख्रिस्ती, तेही ख्रिस्ती. रविवारी प्रभुभोजनाला डॉक्टर आणि तू एकाच प्याल्याला ओठ लावायचात. सोमवारी सकाळी तुझा चहा कान तुटलेल्या कपात, आणि तो कप खिडकीच्या बाहेरच्या कोनाड्यात. मी एकदा विचारलं, आई, काल चालतं ते आज का चालत नाही? तू म्हणालीस, चर्च देवाचं आहे, घर त्यांचं आहे. काय उत्तर होतं गं ते! तेव्हा मला पटलं होतं, याचाच आता राग येतो.

आणि ती थप्पड. डॉक्टरीणबाईंच्या धाकटीचा वाढदिवस होता. सगळी मुलं टेबलाभोवती बसली, एक खुर्ची रिकामी होती, मी जाऊन बसले. कुणी मला उठ म्हणालं नाही, हे तुला ठाऊक होतं का? डॉक्टरीणबाई नुसत्या हसल्या. तू आतून पुऱ्यांची परात घेऊन आलीस, मला बघितलंस, परात ठेवलीस आणि सगळ्यांदेखत माझ्या कानाखाली वाजवलीस. संध्याकाळी घरी जाताना म्हणालीस, "घरच्यासारखं वागवतात म्हणून घरच्यासारखं बसायचं नसतं." त्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी मला त्यांच्या मुलीचा जुना लाल स्वेटर दिला होता. तो मी अंगात घालून रडत चालले होते, आणि तू सांगत होतीस की प्रभूचे आभार मान. तू स्वतः त्या घरात इतकी वर्षं राबलीस, पण एकदाही बसून जेवली नाहीस. ओट्यापाशी उभी, हातात ताटली, कान बाहेरच्या हाकेकडे. सोसायचं असतं, ख्रिस्ताने सोसलं, असं म्हणायचीस. त्याच ख्रिस्ताने मंदिरात सराफांचे चौरंग उलथून टाकले होते, ते मात्र तू मला कधी सांगितलं नाहीस. ते मला पुढे स्वतःच वाचावं लागलं.

इकडे आले ती लग्नानंतर, दोन हजार एकच्या शेवटी. टेक्सासमधलं अर्विंग गाव. तुझा जावई सॉफ्टवेअरवाला, मी त्याच्या व्हिसाला लटकलेली, मला नोकरी करायला बंदी. नगरला शाळेत शिकवणारी मी इथे दिवसभर अपार्टमेंटच्या खिडकीतून पार्किंग बघत बसायची. रविवार तेवढा आपला. आपल्या मराठी मंडळींची उपासना दुपारी व्हायची, एका काळ्या लोकांच्या चर्चच्या इमारतीत. सकाळी त्यांची, दुपारी आमची. त्यांच्याकडे एक म्हातारी बाई होती, तिला सगळे 'मदर' म्हणायचे. नन वगैरे नाही हं. त्यांच्यात चर्चमधल्या वडीलधाऱ्या, धाक असलेल्या बाईला तो मान असतो. प्रभुभोजनाच्या रविवारी डोक्यापासून पायापर्यंत पांढरं, हॅटसुद्धा पांढरी, आणि आवाज असा की मागच्या बाकावरचं पोरगं चुळबुळ थांबवायचं. तिने मला एकदा एकटीला जिन्यावर बसलेलं बघितलं आणि म्हणाली, "बेबी, बुधवारी ये. आमच्यात रिकाम्या हातांना काम असतं."

बुधवारी बायकांचं मंडळ बसायचं. मला वाटलं, विणकाम असेल, प्रार्थना असेल. प्रार्थना होतीच. पण काम होतं ते लोकांच्या घरांत, शेतांवर, हॉटेलांच्या मागच्या खोल्यांत अडकवून ठेवलेल्या माणसांना बाहेर काढायचं. मी म्हटलं, मदर, गुलामगिरी तर केव्हाच संपली ना? ती हसली नाही. म्हणाली, तिच्या आजीची आई इथेच, पूर्व टेक्सासमध्ये, गुलाम होती. मोकळं केल्याचं फर्मान निघालं तरी इथल्या मळ्यांवर ते दोन वर्षांहून जास्त काळ कुणी सांगितलंच नाही. जून महिन्यात कळलं, म्हणून ते लोक अजून एकोणीस जूनला लाल सरबत पितात, मांस भाजतात, गातात. "बातमी उशिरा पोचली असं शाळेत शिकवतात," ती म्हणाली. "पोचली नाही, अडवली. तेव्हापासून आमच्या घरातल्या बायका बातमी पोचवायचंच काम करतात. माझी आजी चर्चमधून करायची, आई करायची, आता मी." आणि मग असं काही बोलली की माझ्या हातातला कप तसाच राहिला. "तुला माहितीय, मालक लोक माझ्या पणजीला काय हाक मारायचे? आंटी. म्हणायचे, आंटी आमच्या घरचीच आहे."

मला आधी फ्रिस्को आठवलं, मग तू आठवलीस.

फ्रिस्को म्हणजे आमच्या जवळचंच गाव, तिथे तुझ्या जावयाच्या मॅनेजरचं घर. नवं, मोठं, वर गोल खिडकी. त्यांची बायको, आम्ही तिला वहिनी म्हणायचो, माणूस हौशी. संक्रांतीचं हळदीकुंकू असं करायची की डॅलसभरच्या बायका नटून यायच्या. मलाही बोलवायची. आता मी कुंकू लावत नाही, हे तिला ठाऊक. तोंडावर नाही म्हणणं तिलाही अवघड, मलाही. म्हणून आमच्यात न बोलता ठरलेलं होतं, करंडा बाहेर आला की मी पाणी प्यायला म्हणून किचनमध्ये जायचं, वाण घ्यायला परत यायचं. त्या किचनमध्ये मावशी असायच्या. त्या विधवा, त्यामुळे त्यांनाही बाहेर यायचं नाही. कुंकवाने दोघींना एका खोलीत आणून सोडलं, बघ. बाकी साठ-सत्तर बायका त्या घरात आल्या-गेल्या, तिळगूळ खाल्ला, "मावशींच्या हातची गुळपोळी काय ग्रेट आहे" म्हणाल्या. मावशींशी पाच मिनिटं बोलणारी मी एकटी, आणि तीही कुंकू चुकवायला आलेली.

मावशी फ्रिजच्या आडोशाला उभ्या होत्या. हातात ताटली. कान बाहेर. आई, मला क्षणभर वाटलं, मी नगरलाच आहे.

"बाई, आज कोंचा वार हाय?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, शनिवार. "अस्सं व्हय. मला वाटलं गुरुवार." बार्शीकडच्या होत्या. वहिनीच्या बाळंतपणाला म्हणून आणलेल्या, सहा महिन्यांसाठी. ते पोर आता शाळेत जात होतं. झोपायला कपडे धुवायच्या यंत्रापाशी गादी. पासपोर्ट साहेबांकडं, हरवू नये म्हणून. पगार गावी पाठवतात म्हणे. बाहेर? "दाराला घंटी हाय वो. उघडलं की सगळं घर बोंबलतंय." लेकीला दुसऱ्यांदा दिवस गेले होते, पहिल्याचं तोंड बघितलं नव्हतं. हे सगळं त्या सांगत होत्या तक्रारीच्या सुरात नाही, पाऊसपाणी सांगावं तसं. शेवटी म्हणाल्या, "पण वाईट न्हाईत बरं का. मावशी, मावशी करत्यात. घरच्यावानीच ठेवलंय." तेवढ्यात बाहेरून हाक आली आणि त्यांनी घास तसाच ताटलीत ठेवला.

घरी येताना गाडीत मी सगळं सांगितलं. तुझा जावई वाईट माणूस नाही, नागपूरचा, मोकळा माणूस. पण त्याने कपाळाला हात लावला. "यार, तुला कळतंय का? माझे ग्रीन कार्डचे पेपर्स त्याच्या हातात आहेत. उद्या त्याने प्रोजेक्टवरून रिलीज केलं ना, तर आपण तिघंही बॅग भरून परत." तिघं म्हणजे पोटातली लेक धरून. चर्चमधल्या एका काकांना विचारलं, ते म्हणाले, "आपण पाहुणे या देशात. पाहुण्याने दुसऱ्याच्या घरात नाक खुपसू नये. प्रार्थना कर." मी म्हटलं, काका, प्रार्थना करते, पण देवाला फ्रिस्कोचं घर सापडेल, त्याला तिथवर ड्राइव्ह कोण करणार? काकांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. झोंबू देत. काका तुझंच बोलत होते, आई. अगदी तुझे शब्द. म्हणून मला जास्त चीड आली.

मदरला सांगितलं तेव्हा तिने घाई केली नाही. एकच म्हणाली, "तिला विचारल्याशिवाय तिला सोडवायचं नाही. न विचारता उचलून आणलीस तर तू तिची नवी मालकीण झालीस, एवढंच. आधी तिला बसव. पोटभर जेवू घाल. मग विचार. आणि ती नाही म्हणाली तर परत सोडून ये." पण विचारणार कुठे? त्या घरात तर हाकेच्या अंतरावर वहिनी.

वहिनीनेच वाट दाखवली, तीही केवढ्या मोठेपणाने! ईस्टरला दोन्ही मंडळ्यांचं मिळून प्रीतिभोजन ठरलं होतं. मटण त्यांचे लोक करणार, चपात्या आमच्याकडे. मी वहिनीला फोन केला, म्हटलं, एवढ्या चपात्या कोण लाटणार, जीव दडपलाय. "अगं मग आमच्या मावशींना घेऊन जा की!" वहिनी म्हणाली. "दोन तासांत शंभर पोळ्या लाटतील. मी स्वतः ड्रॉप करते, पाचला पिकअप करते." आपल्याकडे वरवंटा देतात, मोठं पातेलं देतात, तशी बाई उसनी दिली. इथल्या लोकांत कुणी असं बोलेल का? पण आपल्यात त्याला शेजारधर्म म्हणतात, आणि तिला त्यात काही वावगं दिसलंही नाही. खोटं बोललीस, असं म्हणशील तू. नाही बोलले. चपात्या हव्या होत्या, चपात्या लाटल्या.

मावशी आल्या. चर्चच्या स्वयंपाकघरात मी लाटत होते, त्या भाजत होत्या, आणि तीन काळ्या बायका त्या फुगणाऱ्या चपात्यांकडे बघून "प्रेझ गॉड" म्हणत होत्या. मावशी हसल्या. दात दिसतील असं हसल्या. मग पंगत बसली. पंगत म्हणजे लांब टेबलं, घडीच्या खुर्च्या. मी मावशींना म्हटलं, चला बसू. "तुमी बसा. मी मागनं जेवीन." पुन्हा म्हटलं, पुन्हा तेच. तेव्हा मदर उठली. पांढरा ड्रेस, पांढरी हॅट, गुडघे दुखणारी ती म्हातारी काठी टेकत आली, एक खुर्ची ओढली, मावशींच्या खांद्यावर हात ठेवून त्यांना बसवलं, आणि स्वतः पळी घेऊन त्यांच्या ताटात वाढायला लागली. भाषा एकीची दुसरीला कळत नव्हती. मावशींनी दोन्ही हात ताटावर आडवे धरले, नको नको म्हणून. मदरने ते हात हळूच बाजूला केले आणि आणखी वाढलं. मावशी जेवल्या. डोळ्यांना धार लागलेली आणि जेवत होत्या, थांबल्या नाहीत. मीही रडले, काय लपवायचं.

हात धुऊन झाल्यावर मी विचारलं. मदरने सांगितलं होतं तसंच, एकही शब्द जास्त नाही. "मावशी, पाच वाजता तुम्हाला परत जायचंय का? जायचं असेल तर मी काही म्हणणार नाही. नसेल जायचं तर इथे राहायला जागा आहे, वकील आहे, कायदा तुमच्या बाजूने आहे." त्यांनी बराच वेळ पदर बोटाला गुंडाळला. मग म्हणाल्या, "आधी लेकीला फोन लावता का?" लावला. तिकडे मध्यरात्र उलटून गेली होती. काय बोलल्या ते मी ऐकलं नाही, मुद्दाम लांब गेले. परत आले तर त्या त्याच खुर्चीवर बसल्या होत्या. "न्हाई जात," म्हणाल्या.

पाचला वहिनी आली. हातात गाडीची किल्ली, तोंडभर हसू. "काय मग, झाल्या का पोळ्या? चला मावशी, गाडी चालूच आहे." मावशी बसून राहिल्या. "मावशी, ऐकू आलं ना?" मी पुढे झाले. म्हटलं, वहिनी, त्या येणार नाहीत. तिला आधी गंमत वाटली. मग चेहरा उतरला, मग लाल झाला. "अगं पण का? काय कमी केलं आम्ही? मुलं त्यांच्या मांडीवर वाढली! घरच्यासारखं ठेवलं त्यांना!" पाळकसाहेब माझ्या कानाशी म्हणाले, जरा सबुरीने. दंडावर तुझा हात नव्हता. मी म्हटलं, आणि सगळ्या हॉलला ऐकू गेलं, "घरच्यासारखं म्हणजे काय ते मला सांगू नका वहिनी. मी तशाच घराच्या मागच्या पायरीवर वाढलेय. घरची माणसं बसून जेवतात. घरच्या माणसांना दार उघडता येतं. उद्या येताना त्यांचा पासपोर्ट घेऊन या, नाहीतर वकील येऊन नेतील." वहिनी मावशींकडे वळली. आवाज एकदम मऊ झाला. "मावशी, बाळ रडेल हो. उठा ना." तिथे मात्र माझी पाचावर धारण बसली. कारण मावशींचा हात खुर्चीच्या कडेवर गेला होता. उठतील असं वाटलं. सवयच असते ना शरीराला, हाक आली की उठायची. तुझी होती. पण त्यांनी खुर्चीची कड घट्ट धरली आणि म्हणाल्या, "बाळाला सांगा, मावशी जेवायला बसल्यात."

उठल्या नाहीत, आई. वहिनी निघून जाईपर्यंत उठल्या नाहीत.

तुझा जावई दारात उभा होता, सगळं ऐकत. मला म्हणाला, "मला विचारलं का तू?" मी म्हटलं, विचारलं असतं तर नाही म्हणाला असतास. "हो," म्हणाला. "म्हणून," मी म्हटलं. आणि तो हॉलमधल्या खुर्च्या घडी करायला लागला. एकेक करून सगळ्या केल्या, मावशी बसल्या होत्या ती सोडून.

पुढे व्हायचं ते झालं. त्याला प्रोजेक्टवरून काढलं, कागद पहिल्यापासून सुरू करावे लागले, कमी पगाराची नोकरी घ्यावी लागली, अजूनही आम्ही रांगेतच आहोत. इथल्या महाराष्ट्र मंडळाने आम्हाला वाळीत टाकलं. दिवाळीचं आमंत्रण बंद, किराणा दुकानात ओळखीच्या बायका डाळीच्या पोत्यांआड वळतात. एकीने फोन करून सुनावलं, आपल्या माणसांची अब्रू परक्यांपुढे घालवलीस. मी म्हटलं, मावशी आपलं माणूस नव्हत्या वाटतं? तिने फोन ठेवला. मला काही वाटत नाही. खरंच नाही. वकिलांनी मावशींचे कागद केले, खटला चालला तेवढे दिवस त्या बुधवारच्या मंडळातल्या एका बाईकडे राहिल्या, आणि हक्काचं सगळं पदरात घेऊन गेल्या वर्षी बार्शीला परत गेल्या. स्वतःच्या मर्जीने गेल्या. विमानतळाचं काचेचं दार त्यांच्यापुढे आपोआप उघडलं, तेव्हा दचकून मागे सरकल्या, मग हसत पुढे गेल्या. मी अजून दर बुधवारी जाते. मराठी-हिंदीतले फोन माझ्याकडे येतात. मदर आता फार थकलीय, पण खुर्ची ओढायला स्वतःच उठते.

तर आई, तुझी सोशिकता तू तुझ्याजवळ ठेव. तुला देवाने काय सांगितलं ते तू जाणे. मला त्याने वेगळं सांगितलं, आणि मी त्याचंच ऐकलं असं मला छातीवर हात ठेवून म्हणता येतं. त्या डॉक्टरांच्या टेबलाशी मी बसले तेव्हा माझं काही चुकलं नव्हतं. चुकलं ते उरलेल्यांचं, आणि तुला त्यांनी इतकं घाबरवलं होतं की त्यांच्या वतीने मारायचं कामही तूच करायचीस. तुझ्यावर रागावलेय ते त्याचसाठी. तू इतकं चांगलं जेवण करायचीस गं, आणि तुला कुणी एकदाही वाढलं नाही.

हे पत्र टाकायचं कुठे, हा प्रश्नच नाही. घडी करून पिठाच्या डब्यामागे ठेवीन आणि लेकीच्या हाती लागायच्या आधी फाडून टाकीन. पण एक गोष्ट दुसऱ्या कुणाला सांगण्यासारखी नाही, ती तुलाच सांगते. दर रविवारी बार्शीहून मावशींचा फोन येतो. नातवंडांचं सांगतात, मदरची खुशाली विचारतात, आणि ठेवायच्या आधी ठरलेला प्रश्न. "जेवलासा का?" मी म्हणते, जेवले. "बसून?"

मी म्हणते, हो मावशी, बसून. फोन मानेत धरलेला असतो, हातात ताटली, आणि मी ओट्यापाशी उभी.